एकतीस नंबर

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. लायब्ररीत मान वर करायला फुरसत नाही, आणि त्यात विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉल टीमचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. या सीझननंतर टीम बंद, मैदानावर नवी प्रयोगशाळा होणार, तेव्हा जाता जाता इतिहास हवा. जितेपणी विचारायचं नाही आणि मेल्यावर पंचपक्वान्नं, ही रीत सौदीतल्या या अल खर्जमध्येही आहे तर!

मी नाशिकची. हा खेळ बघून मला आधी हसूच आलं. नाव फुटबॉल, आणि चेंडू हातात घेऊन पळायचं. तोही सोललेल्या नारळासारखा लांबट. कोच फहद टेक्सासला शिकून परत आले आणि येताना हे वेड घेऊन आले. पहिल्या वर्षी हेल्मेटं पुरेनात, म्हणून बाहेर येणारा खेळाडू आपलं घामट हेल्मेट आत जाणाऱ्याच्या डोक्यावर चढवायचा. अल खर्ज म्हणजे डेअऱ्यांचं गाव, त्यामुळे जेद्दाची टीम आमच्या मुलांना ‘दूधवाले’ म्हणून चिडवायची. मुलांनी तेच नाव मिरवायला घेतलं. मॅच संपली की सगळे उभ्याने एकेक ग्लास लबान, म्हणजे इथलं ताक, प्यायचे. बहुतेकदा हरूनच प्यायचे.

मग उसामा आला. विद्यापीठाच्या फाटकासमोर लॉन्ड्री चालवणाऱ्या कादिरभाईंचा हा एकुलता एक मुलगा. मूळ हर्णैचे हे लोक. टीमचे कपडेही त्यांच्याकडेच धुवायला जातात. एकतीस नंबरची जर्सी घालून उसामा पळायचा आणि कुणाच्या हाती लागायचा नाही. टीम पहिली मॅच जिंकली ती त्याच्यामुळे. चार वर्षांपूर्वी रियाधच्या रस्त्यावर वाळूचं वादळ आलं आणि त्याची गाडी उभ्या ट्रेलरवर आदळली. शेवटच्या वर्षाला होता. एवढं लिहिलं आणि मला पुढे काही सुचेना. उठून लॉन्ड्रीत गेले.

कादिरभाई इस्त्री करत होते. मी इतिहासाचं सांगितलं तशी त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली.

“लिवा वैनी, लिवा. पन एक विचारू काय? माज्या पोराचा नंबर पनवती हाय काय?”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. चाळिसाव्या दिवसानंतर रीतीप्रमाणे उसामाचे सगळे कपडे गरजूंना वाटले. जर्सी तेवढी ते स्वतः मैदानावर कोचकडे घेऊन गेले.

“बोललो, कुना पोराच्या अंगावर घाला. माजी अरबी कशी, तुमाला म्हाइतच हाय. कोचनं मना मिठी मारली, रडला. आनि मग काय? दर मॅचनंतर गठडा येतो, मी पयला एकतीस शोधतो. तीस हाय, बत्तीस हाय. एकतीस नाय. मेलेल्याचा नंबर कोन घालील, अशी भीती वाटत आसंल त्यांना.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“कशाला? ‘हां, पनवती हाय’ असा तोंडावर ऐकायला? आता तर टीमच खलास.”

माझं डोकं तापलं. तशीच उन्हातून तरातरा कोचच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत एकतीस नंबरची जर्सी होती. वर दिवा, खाली उसामाचं नाव. कपड्यांचं गठडं फाटकावरच दिलं-घेतलं जातं, त्यामुळे कादिरभाई या इमारतीत कधी आलेच नव्हते.

“तो नंबर आम्ही कायमचा निवृत्त केला,” कोच म्हणाले. “पुन्हा कुणीच घालायचा नाही. या खेळात याहून मोठा मान नाही.”

“त्याच्या वडिलांना हे सांगितलंत?”

“त्यांनीच तर आणून दिली. मला वाटलं, त्यांना हेच हवंय.”

मी कादिरभाईंचं म्हणणं सांगितलं. कोच लगेच पेटीची किल्ली शोधू लागले. मला त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कळलंच नाही. दोघांनीही त्या मुलावर मायाच केली होती, आणि बाप मात्र चार वर्षं जळत राहिला.

शेवटची मॅच जेद्दाच्या टीमशी होती. कोचनी पेटी उघडून जर्सी नाएफला घातली. पहिल्या वर्षाचा मुलगा, उसामाला त्याने पाहिलंही नव्हतं. कादिरभाईंना खुर्ची दिली होती, पण ते मैदानाकडेच्या दोरीला धरून उभेच राहिले. नाएफ उसामासारखा पळाला वगैरे काही नाही. धडपडला, पुन्हा उठला आणि एकदा तिघांच्या खाली असा सापडला की जर्सी खांद्यापासून टरकन फाटली. आपण हरलो.

कोच फाटकी जर्सी घेऊन आले. “माफ करा. सांभाळता आली नाही मला.”

मी ते कादिरभाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी जर्सी नाकाशी धरली. मातीने माखलेली, घामाने चिंब.

“फाटली ना?” ते म्हणाले. “म्हंजे घातली कुनीतरी.” आणि ते मोठ्याने रडू लागले. लबानचा ग्लास हातात धरून मीही रडले.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत गेले, तर उसामाची आई, अख्तरीभाभी, बाहेर बसलेल्या. मुलगा गेल्यापासून ही बाई मागच्या खोलीतून बाहेर आलेली मी पाहिली नव्हती. धुऊन वाळवलेली जर्सी मांडीवर घेऊन त्या सुईत दोरा ओवत होत्या. आज त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

“काल पोरानं घातली म्हने,” त्या म्हणाल्या. “पुडची मॅच कवा हाय, वैनी? तवर पक्की शिवून देतंय.”

मी कादिरभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून इस्त्री हातात घेतली. टीम बंद झाल्याचं त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं.

“अजून ठरली नाही,” मी म्हणाले.

भाभींनी मान डोलावली आणि पहिला टाका घातला.