गुरुनाथांना पाडायचं

दापोलीचा सिराजुद्दीन रियाधला एका लिफ्ट कंपनीत फोरमन होता. २००६ साली मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन शहराबाहेरच्या भाड्याच्या बागबंगल्यात ठरलं, तेव्हा त्याची बायको आमिना सकाळपासून सांदणं वाफवत होती. दारात मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथ उभे होते. "भाऊ, डबे कुठं ठेवू?" आमिनाने विचारलं. गुरुनाथ हसून हिंदीत म्हणाले, "भाभीजी, ये सिर्फ हमारे मराठी लोगों का प्रोग्राम है."

आमिना डबे घेऊन परत गाडीत येऊन बसली. सिराजुद्दीनच्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना.

हिवाळ्यात त्याला संधी मिळाली. सहा आखाती देशांतल्या मराठी मंडळांचा एक महासंघ होता. त्याच्या अध्यक्षपदाला गुरुनाथ उभे राहिले. समोर कुवेतच्या मधुमतीबाई. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असलेल्या कुणाही मराठी माणसाला मत देता येई, पण देतो कोण? गुरुनाथांचे चार मित्र येत, चहा पीत, आणि रियाधची मतं झाली म्हणत.

सिराजुद्दीन शुक्रवारची नमाज आटोपली की गाडी काढू लागला. अल खर्ज, बुरैदा, जिथं जिथं कोकणातली, साताऱ्याकडची माणसं कामगारांच्या कॅम्पात राहत, तिथं तो गेला. महासंघाचं नाव काढलं की माणसं जांभया देत. अध्यक्ष कोण का होईना, आपल्याला व्हिसा देणारा कफील थोडाच बदलणार, असं संगमेश्वरचा वेल्डर शंकर म्हणाला. तेव्हा सिराजुद्दीननं दारातली हकीकत सांगितली. शंकरचा घास हातातच राहिला.

"वहिनींना असं बोलला? मग यल्ला, पाडू त्याला."

मतदानाच्या दिवशी बस भरभरून माणसं आली. मधुमतीबाईंना त्यांच्यातल्या एकानंही पाहिलं नव्हतं. गुरुनाथ खुद्द रियाधमध्येच आपटले.

आठवड्यानं ते घरी आले. "सिराजभाई, एकदा बोलला असतात तर मी वहिनींची माफी मागितली असती."

"माफी नको होती. तुम्हाला चारचौघांत पडलेलं बघायचं होतं. बघितलं."

गुरुनाथ चहा न घेताच उठले. दार लागल्यावर आमिना म्हणाली, "माफी माझी होती. ती नाकारणारे तुम्ही कोण?"

सिराजुद्दीनला पस्तावा झाला नाही. महासंघाच्या पुढच्या निवडणुकीत कोण उभं होतं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.