टाकीतल्या तेलात पाणी

मित्रांनो, मी एक जुना ब्रेकर आहे, म्हणजे तारेवर बिघाड होताच वीज तोडणारे यंत्र, तेलाने भरलेल्या लोखंडी टाकीत राहणारा. माझा जन्म विलायतेतला. मुरगाव बंदरात उतरलो, आगगाडीने कॅसलरॉकला आलो आणि तिथून बैलगाडीने गुंदच्या रानात पोचलो. तिथे ओढ्याचे पाणी अडवून एका मँगनीजच्या खाणीसाठी छोटे वीजघर बांधले होते. साल असेल एकोणीसशे चौतीस.

वीज तोडणे म्हणजे दोरी कापणे नव्हे. अकरा हजार व्होल्टची वाट तोडली की दोन टोकांमध्ये आगीची धार पेटते आणि वीज तिच्यावरून खुशाल वाहत राहते. बाहेरच्या खांबावर माझा एक सोबती होता, दोन शिंगांचा स्विच. त्याची आग तापलेल्या हवेबरोबर शिंगांवर चढे, ताणली जाई आणि तुटे. थोड्या विजेला तो पुरेसा होता. मोठे काम माझे. माझे तांब्याचे हात तेलातच एकमेकांपासून दूर होत. आगीने तेलाचा वायू होई आणि तोच आगीला थंड करी. ही वीज दर सेकंदाला शंभर वेळा क्षणभर थांबते. तो क्षण साधून तेल मध्ये शिरे आणि वाट बंद होई. विलायतेत आता दाबलेल्या हवेच्या झोताने आग विझवतात, असे आमच्या मेस्त्रीने कुठेसे वाचले होते. ते ऐकून मला थोडा हेवा वाटला होता.

हा मेस्त्री म्हणजे भिकाजी, खानापूरकडचा. हाताखाली गुंदची रुक्मा. झाडलोट करायची, माझे तेल गाळायचे, ही तिची कामे. तिचा नवरा लखू खाणीत खाली, पाणी उपसणाऱ्या विजेच्या पंपावर होता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात बांबू तारेवर पडल्यामुळे मी वीस-बावीस वेळा वीज तोडली. तेल काजळीने काळे झाले. माझ्या झाकणाखालची पट्टी चिरून आत ओल शिरत होती, ते मात्र कुणी पाहिले नाही. पाऊस सरल्यावर एका सकाळी रुक्माने तळाच्या तोटीतून वाटीभर तेल काढले. काय मनात आले कोण जाणे, तिने ते पळीत घेऊन चुलीवर धरले. तेल तडतडून उडाले.

"अण्णा, ह्यात पानी हाय," ती धावत आत येऊन म्हणाली. "फोडणीत थेंब पडल्यावानी तडतडतंय."

भिकाजीचा चेहरा उतरला. ओले तेल आग विझवत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन टाकीच फुटते आणि पेटते तेल घरभर उडते. त्याने खाणीच्या साहेबांना फोन लावला.

"पंप थांबणार नाही," पलीकडून आवाज आला. "शनिवारी बघू. एका झाडूवालीच्या पळीवरून मी खाण बंद करू?"

भिकाजीने फोन ठेवला. तो काही बोलायच्या आत तारेवरचा माणूस विठ्ठल धापा टाकत दारात आला.

"मेस्त्री, नंदिगड्ड्याच्या वाटेवर मोठा किंदळ कललाय! वेलीनं धरलाय तेवढाच. कवा बी तारेवर येतोय!"

झाड तारांवर पडले की प्रचंड वीज धावणार आणि मी आपोआप उघडणार. तसे उघडणे माझ्या रचनेतच आहे, थांबणे मला जमत नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच कामाची भीती वाटली.

मला हाताने उघडले तरी तीच आग पेटली असती. एकच उपाय होता. झाड पडायच्या आत विजेचा जोरच उतरवायचा. पण तोही बेताबेताने, कारण पाणी चालू असताना भार एकदम सुटला तर जनित्र बेफाम पळाले असते. एकाने पाण्याचे दार मिटायचे, त्याच वेळी दुसऱ्याने विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, उतरवणारे चाक फिरवायचे.

भिकाजी घुटमळला. "रुक्माक्का, पंप थांबंल. खाली लखू हाय."

रुक्माने पदर खोचला. "ही टाकी फुटली तर पंप राहनार हाय व्हय? त्याला पाय हाईत, चढून येईल. तुमी माणसं वर काढायला सांगा."

भिकाजीने खाणीच्या तोंडाशी फोन करून तेवढेच सांगितले आणि दाबाच्या चाकाला हात घातला. रुक्मा आणि विठ्ठल पाण्याच्या दाराशी भिडले. दिवे पिवळे झाले, मग तांबडे. काटा उतरू लागला. अकरा हजार, नऊ, सात. पाण्याचे चाक मध्येच अडकले. रुक्माने त्यावर सगळे अंग टाकले, तसे ते करकरत सुटले. पाच. चार.

आणि झाड पडले.

माझे हात सुटले. आग पेटली, तेल उकळले, वाफेने टाकीची कूस फुगली. झाकणातून तेलाची चिळकांडी थेट छतापर्यंत उडाली. आग एकदा विझली, पुन्हा पेटली. पुन्हा विझली. मी वाट पाहिली. ती परत आली नाही.

वीजघरात नुसता ओढ्याचा आवाज उरला. रुक्मा फोनसमोर उभी होती, पण तो वाजला तेव्हा तिचा हात उठला नाही. भिकाजीने घेतला.

"किती आले? सहा? सातवा कोन?" त्याने फोन कानाशी घट्ट दाबला. मग डोळे मिटून म्हणाला, "आला. लखू आला. छातीभर पान्यातनं."

रुक्मा खाली बसली आणि तेलकट फरशीवर हात टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी टाकी रिकामी करवली. तळाशी तांब्याभर पाणी निघाले. साहेबांनी ते स्वतः पाहिले. पण खाण पाण्याने भरली होती, महिनाभर बंद राहणार होती, आणि कुणावर तरी ते येणारच होते. हुकमाविना वीज बंद केली म्हणून भिकाजीला कामावरून काढले. जाताना तो माझ्याजवळ आला. "येतो रे," म्हणाला. तोवर मला असा निरोप कुणी दिला नव्हता.

मित्रांनो, आज मी गंजून भिंतीला टेकलो आहे. माझ्यासारख्यांचे तेल वेळेवर बदला, झाकणे तपासा, एवढे मागणे तर आहेच. पण यंत्राशी रोज बसणारे माणूस काही सांगायला आले, तर ते कोण आहे हे न पाहता ऐका. साहेबांनी त्या सकाळी ऐकले असते, तर माझे तेल बदलेपर्यंत खाण काही तासच थांबली असती आणि भिकाजीला गुंद सोडावे लागले नसते.