मेन सिलिंडरवरचं कुंकू

आप्पाजींनी शाळेची जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं, तेव्हा बंगळूरच्या बनशंकरीतल्या गल्लीला हसायला आयताच विषय मिळाला. चंपाबाई मात्र हसल्या नाहीत. आतले पलंग, शेगडी, पडदे त्यांनीच हौसेनं लावले होते. घोर होता तो ब्रेकचा, कारण रविवारी नात अक्षरा पहिल्यांदा या बसमध्ये बसणार होती.

ब्रेकच्या कामाला नागनाथ मेस्त्रीनं आज-उद्या करत दोन महिने घालवले. शेवटी बस दारात लावून म्हणाला, "मेन सिलिंडर नवा घातलाय अक्का. हंड्रेड परसेंट."

दसऱ्यातल्या आयुधपूजेला चंपाबाईंनी बसच्या एकेका भागाला कुंकू लावलं होतं. नवा सिलिंडर तरी का कोरा राहावा, म्हणून शुक्रवारी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि करंडा घेऊन वाकल्या. सिलिंडरवर त्यांचंच कुंकू होतं, तेलात घट्ट बसलेलं. मेल्यानं जुना सिलिंडर पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

नागनाथचा फोन बंद होता.

"मीच बसवतो," आप्पाजी म्हणाले. कारखान्यात त्यांनी उभा जन्म यंत्रं दुरुस्त केली होती, हे खरं. पण ती यंत्रं उतारावरून सुटत नव्हती.

शनिवारी त्यांनी नवा सिलिंडर आणून बसवला. नळ्यांतली हवा काढायला चंपाबाई ब्रेकवर पाय ठेवून बसल्या. बसखालून आवाज यायचा, "दाब. सोड." त्या दाबत होत्या, सोडत होत्या आणि मनात एकच घोळत होतं. मेस्त्री चुकला तर शिव्या घालायला मेस्त्री तरी होता. हे चुकले तर कुणाला बोलायचं?

संध्याकाळी आनेकलच्या वाटेवरच्या उतारावर ब्रेक तपासायला आप्पाजी एकटेच निघाले होते. "नातीच्या आधी आजी," म्हणत चंपाबाई शेजारी चढून बसल्या. देवाचं नाव घेत त्यांनी डोळे मिटले. बस तीनदा उतरली आणि तिन्ही वेळा जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात लेकीचा, स्मृतीचा फोन आला. "आई, उद्या पाठवू ना हिला?"

"अहो, काय सांगू?" चंपाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

आप्पाजी चाकाशी ओणवे होऊन तेल गळतंय का बघत होते. "स्वल्प थांब. अजून एकदा उतरून बघू. मला खात्री वाटत नाही."

चंपाबाई त्यांच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत राहिल्या. नागनाथला खात्री वाटली होती, तीही कुणी न विचारता.

"पाठव," त्या फोनवर म्हणाल्या. "बाबा अजून घाबरतायत."

आणि चौथ्या फेरीला बसमध्ये चढल्या.