चित्रातली उघाड

जिल्ह्यात कुठे पाऊस उघडला हे मला रेडिओच्या आधी कळतं. आर्णीच्या बसस्टँडमागे माझं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. ज्या भागात उघाड पडते, तिथले पंप दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. बोरी अरबचे आले की समजायचं, दारव्ह्याकडे ऊन पडलं. मुकुटबन ही माझी सासुरवाडी. तिकडचे पंप मेहुणा एसटीत टाकून पाठवतो. ते आले नाहीत की तिकडे अजून झड आहे. या विद्येची बायकोला काडीची किंमत नाही, पण अंदाज माझा चुकत नाही.

दोन हजार सतराच्या ऑक्टोबरात मात्र सगळीकडचे पंप एकदमच आले. हत्तीचा पाऊस, म्हणजे हस्त नक्षत्राचा, सगळ्या तालुक्यांत सारखाच बरसून गेला होता. त्यावर पऱ्हाटी अशी माजली की उभा माणूस कपाशीत दिसेना. मग चित्रा नक्षत्र लागलं आणि ऊन तापलं. सकाळी दहालाच अंगाला धारा. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. आणि रोज चारच्या सुमारास एक सर यायची आणि सकाळी मारलेलं सगळं औषध धुऊन न्यायची. बोंडात अळी, वर ही सर. जो तो चारच्या आत वावर संपवायच्या घाईत होता.

सोमवारी संध्याकाळी हरिसिंग आला. आमच्यापासून पाच मैलांवर त्याचा तांडा आहे. माणूस हसरा, उंचीला बेताचा. त्याने पेट्रोलचा पंप माझ्यापुढे आदळला.

"शकीलभाई, रेस दाबून दाबून बोटं वाकडी झाली. सोडली का मशीन बंद. चारच्या आत तीन एकर कसं मारू मी?"

"तुले मशीन नाई, हत्ती पाह्यजे," मी म्हटलं.

"हत्ती तर बरसून गेला ना बावा. आता काय करता?"

रेसची दांडी सोडली की इंजिन बंद पडतं, ते बनवणाऱ्याने मुद्दामच तसं केलेलं असतं. पण मला वाटायचं, बनवणाऱ्याने कधी चित्रातल्या उन्हात पंप पाठीवर घेतलेला नाही. त्याला काय कळतंय? मी तारेचा तुकडा घेतला आणि दांडी ताणून बांधून टाकली. आता बोट लावायचं कामच नाही. डोक्यावरच्या बोंडांपर्यंत फवारा जावा म्हणून नोझलही बारीक बसवून दिलं. धुक्यासारखा फवारा उडाला तसा हरिसिंग खूश झाला. त्या आठवड्यात मी असे बरेच पंप बांधून दिले होते. शहाणपणाची फुशारकी मारायची ती मारलीही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला भीमराज नावाचा एक जण पंप घेऊन आला. ओळखीचा नव्हता. डोळे सुजलेले.

"दुरुस्त नाई करायचा," तो म्हणाला. "तुमच्याजवळ ठेवा. घरात ठेवला तर माय त्याच्याकडं पाहून रडून राह्यली."

"काय झालं?"

"भाऊ फवारत होता. वाराच नव्हता, तं सगळं औषध त्याच्याच अंगावर बसलं. तोंडाले फेस आलता. काल यवतमाळले नेला. डोळ्यानं दिसून नाई राह्यलं त्याले."

मी पंप उचलून पाहिला. माझ्या हातचा नव्हता, रेस बांधलेली नव्हती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. तेवढ्यात भीमराज बोलला, "मशीन बंद पडली म्हणून बरं झालं. आवाज थांबला तसे आम्ही धावलो. नाई तं त्या पऱ्हाटीत कोणाले दिसला असता?"

हरिसिंग पडला तर त्याच्या पंपाचा आवाज थांबणार नव्हता. मीच तशी सोय करून दिली होती.

दुकान उघडं टाकून मी गाडीला किक मारली. पाच मैल. इतक्या वर्षांत तो रस्ता इतका लांब कधी वाटला नव्हता. मनाला समजावत होतो, अरे, दणकट माणूस आहे, जेवायला बाहेर आला असेल. आणि दुसरं मन म्हणत होतं की काही झालं तर तार सोडवून घ्यायची, कोणाला कळणार? असा विचार मला आला, हे सांगायला लाज वाटते. पण आला.

त्याची बायको सुखीबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, गवताचा भारा बांधत होती. मला पाहून तिने पदर सावरला.

"भाभी, हरिसिंग कुठं हाय?"

"आत. फवारून राह्यला." तिने वावराकडे हात केला. "मशीन चालू हाय ना. ऐकू येऊन नाई राह्यलं का तुमाले?"

येत होतं. वीस वर्षं मी इंजिनं ऐकतोय. फवारणारा माणूस तासातून, दोन ओळींच्या मधून, पुढे जातो, मागे येतो, तसा आवाज दूर जातो, जवळ येतो. हा आवाज एकाच जागी उभा होता.

मी कपाशीत घुसलो. मागून सुखीबाई "काय झालं, काहून पळता?" म्हणत धावली. फांद्या तोंडावर आपटत होत्या. आत गेलो तसा वास नाकात चढला, डोळे झोंबायला लागले. पांढरं धुकं झाडांच्या मधेच अडकून राहिलं होतं, हलत नव्हतं. त्या धुक्यात हरिसिंग कुशीवर पडलेला. पंप पाठीवर तसाच. नळी हाताखाली दबलेली आणि तिचा फवारा त्याच्याच छातीवर चाललेला.

मी प्लगची वायर उपटली. आवाज थांबला आणि सुखीबाईची किंकाळी ऐकू आली. "ये याडी!" ती आपल्या बोलीत आईचा धावा करत होती. पण बाई हिमतीची. तिनेच त्याचा शर्ट टराटरा फाडला, धुऱ्यावरून पाण्याची घागर आणून अंगावर ओतली. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. गाडीवर आमच्या दोघांच्या मधे त्याला बसवलं. तिने मागून घट्ट धरलं. आर्णीहून पुढे जीपने यवतमाळ.

रात्र कशी गेली विचारू नका. सकाळी डॉक्टर म्हणाले, वाचेल, नजर यायला दिवस लागतील. वॉर्डात चहूकडे तसलेच रोगी होते. भ्रमात हातपाय झाडत होते म्हणून काहींचे हात पलंगाला बांधलेले. सुखीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती.

"मीच मारलं असतं त्याले," ती म्हणाली. "अर्धा घंटा मी तिथंच होती, शकीलभाई. मशीन चालू हाय, म्हंजे माणूस चालू हाय, असं समजत राह्यली. कशी बायको मी?"

मी गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. ती मला देवमाणूस समजत होती, वेळेवर धावून आलेला. तिला जन्मभर ते अर्ध्या तासाचं ओझं वाहू द्यायचं आणि मी देवमाणूस व्हायचं. मला माझाच संताप आला.

"भाभी, तुमची चूक नाई. मशीन बंद पडाले पाह्यजे होती. तो पडला त्या घडीलेच. मी तिची रेस तारेनं बांधून देलती. माणूस मेला असता तरी ती चालूच राह्यली असती."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. शिव्या दिल्या असत्या, चपलेने मारलं असतं, तर मी मान खाली घालून घेतलं असतं. मग बाहेर अंगणात पडलेल्या उन्हाकडे तिची नजर गेली. नऊ वाजले होते, ऊन कडक होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, लिंबाचं पान हलत नव्हतं.

"अजून किती जणाईचे बांधले तुमी?" तिने विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागलो. तांड्यावरचा भावसिंग. त्याच्या शेजारचा देवसिंग. बोरी अरबचे चार. मुकुटबनचे पाच.

"अकरा."

"मंग इथं काय बसले?"

मी खिशातून मोबाइल काढला. भावसिंगला लावला. घंटी जात राहिली, कोणी उचलला नाही. देवसिंगला लावला. बोरी अरबला लावला. सगळीकडे घंटी वाजत होती. अशी उघाड पडलेली, चारच्या सरीआधी वावर संपवायचं. पाठीवर पेट्रोलची मशीन असताना फोन कोणाला ऐकू येतो?