घर म्हणजे कोण

दलेंदाला संताप आला की ती कणीक मळायला घेते. त्या दिवशी तिनं गल्ली जेवेल एवढी कणीक मळली, तरी राग उतरेना. उतरणार कसा? सकाळी पोटच्या पोरीचं, इब्तिहेलचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं.

झालं असं, की होणाऱ्या जावयाच्या, वज्दीच्या, फोनवर गावच्या दवाखान्याचा संदेश आला : 'इब्तिहेलला फिटच्या गोळीची आठवण करा.' तो वाचला त्याच्या आईनं. लगेच निरोप आला, आमचं जमणार नाही.

पोरीला फिट येते हे मायलेकींनी जिवापाड झाकलं होतं. गोळ्यासुद्धा गावात घेत नसत, बस धरून सूस शहराला जात. त्यानंच गावात कळवलं असं धरून इब्तिहेल सकाळपासून तिथल्या औषधवाल्यालाच शिव्याशाप देत पडली होती. दलेंदाला मात्र खरं ठाऊक होतं.

दवाखान्यात नोंदींची नवी व्यवस्था बसवायला ट्यूनिसहून सिरीन आली होती, आणि दलेंदाकडेच राहिली होती. म्हणायची, "खाला, संगणकात भरतात ती माहिती नव्हे. माणसं माणसांना सांगतात ती खरी." इतकं गोड बोलणारं माणूस दलेंदाला जन्मात भेटलं नव्हतं. अंगणात मटार सोलता सोलता ती बोलत गेली, आणि एकदा लेकीचंही बोलून गेली. वर म्हणाली, "आमच्यात आजार एकट्याचा नसतो गं, घराचा असतो."

आता तीच सिरीन दारात उभी होती, बोलावणं धाडलं म्हणून आलेली.

"खाला, तुमचंच वाक्य धरून मी सगळं उभं केलं. आठवण घरातल्या सगळ्यांना जाते. आणि वज्दीचं नाव घरच्यांच्या यादीत तुम्हीच घातलंत."

"घातलं. जावई म्हणून मिरवायला घातलं. पण घर म्हणजे कोण, हे विचारलंस कधी मला? आमच्या घरात कुणाला काय सांगायचं नाही, हेही ठरलेलं असतं. मी तुला सांगितलं होतं, सिरीन. दवाखान्याला नाही."

"मला वाटलं, तिच्या भल्याचंच..."

"माझ्या हातचं जेवलीस, माझ्या शेजारी झोपलीस, आणि केसानं गळा कापलास."

सिरीन रडायला लागली. रडू दे. म्हणाली, आत्ता काढते वज्दीचं नाव.

"काढ. त्याच्या आईच्या डोक्यातूनही काढ जमलं तर."

आतल्या खोलीतून इब्तिहेल बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. सिरीनकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"उम्मी, हिला तू सांगितलंस?"

दलेंदाचा आवाज एकदम उतरला. "घरच्यासारखी वाटली गं मला ती."

"मला वज्दीला सांगायचं होतं," इब्तिहेल म्हणाली. "कितीदा विचारलं तुला. तू मला कुराणावर हात ठेवायला लावलास."