सुटे ठोके

आमच्या घरात ड्रम वाजवणारी एकमेव व्यक्ती मी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे जण ते विसरणार आहेत.

ड्रमसेट बाबांनी आणला. बाबा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. एका बंद पडलेल्या हॉटेलातले फ्रिज उचलायला गेले, तर मालक म्हणाला, हेही घेऊन जा, उगाच जागा अडवून बसलंय. टेम्पोतून तो उतरवताना आई म्हणाली, "छान. आता आपली अडवू दे." मग तो घराखाली, बाबांच्या दुकानामागच्या गोदामात गेला, सुट्या पडलेल्या फ्रिजच्या दारांमध्ये आणि पोटं उघडलेल्या मशीनच्या रांगेत.

आधी दादाच बसला त्यावर. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. तो गिटार वाजवतो, गातो, गाणी लिहितो आणि आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर स्वतःच रेकॉर्ड करतो. पण हाताने एक आणि पायाने दुसरं करायची वेळ आली की त्याचं पार भजं व्हायचं. मी बसले, आणि माझं झालं नाही. का ते मला विचारू नका. मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते. काड्या हातात आल्या आणि माझा आवाजच वाढला. आता वर्गातही वाढलाय, हे आमच्या बाई तुम्हाला सांगतील. दादा तर मला 'धडधड' म्हणायला लागला. "धडधड, जेवायला चल." "धडधड, जिन्यावरून जरा माणसासारखी उतर." मला ते फार आवडायचं.

दादाच्या गाण्यात मात्र ड्रम यायचे ते सॉफ्टवेअरमधले. त्यात कुठल्यातरी अनोळखी माणसाने वाजवलेले ठोके साठवलेले असतात. पडद्यावर चौकोनांच्या रांगा दिसतात, माऊसने हवा तो चौकोन भरायचा, की तिथे ठोका वाजतो. चुकत नाही, दमत नाही, वरच्या नर्सताईंची झोप मोडत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सताई रात्रपाळी करून दिवसभर झोपतात, त्यामुळे मला संध्याकाळी त्या कामाला निघाल्यावरच वाजवता येतं. पण ते सॉफ्टवेअरमधले ड्रम म्हणजे इस्त्री करून घडी घातलेले. मी दादाला तसं म्हटलंही.

"कळतं मला," तो म्हणाला. "सगळ्यांच्या गाण्यात हेच वाजतात. या वेळच्या गाण्याला खरे ड्रम घ्यायचे. आपले."

मी त्या रात्री नीट झोपले नाही, एवढी खूश होते.

मग तो रविवार उजाडला. नर्सताई बहिणीकडे गेल्या होत्या. दादाने मित्राकडून चांगले माइक आणले, बाबांनी फ्रिजच्या खोक्यांतला फोम भिंतींना लावून दिला आणि मोठ्या ड्रमच्या पोटात आईने जुनी उशी कोंबली. मी काड्या घेऊन तयार.

"एकच ठोका," दादा म्हणाला. "स्नेअरवर. अगदी हळू. आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही."

स्नेअर म्हणजे मांड्यांमध्ये येतो तो ड्रम, ज्याच्या खालच्या अंगाला तारा असतात आणि म्हणून तो नुसता वाजत नाही, तर चरचरतो. मी एक ठोका दिला. श्वास धरला. आवाज फोममध्ये शिरून संपला.

"आता थोडा जोरात. आता आणखी. आता तुझा सगळ्यात जोरातला." मग पायाचा मोठा ड्रम. मग झांजा, काठावर, मधोमध, उघड्या, मिटलेल्या. प्रत्येक ठोका सुटा, मागे-पुढे कोणी नाही.

"गाणं कधी वाजवायचं?" मी विचारलं.

"आधी आवाज नीट घेऊ."

मला वाटलं, माइक लावताना करतात तसं काहीतरी असेल. मी जीव ओतला त्यात. हळूवाला ठोका इतका हळू दिला की दादा कानावरचे हेडफोन दाबून म्हणाला, "वा, धडधड! एकही दुसऱ्यासारखा पडत नाही तुझा." अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. बाबांनी तर तेवढ्यासाठी दुकानातला कॉम्प्रेसर बंद ठेवला होता आणि एका गिऱ्हाइकाला दारातच कुजबुजत सांगितलं होतं, "आत रेकॉर्डिंग चाललंय."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी गाण्याचा सराव करायला लागले. दादाचं गाणं चांगलं होतं, हे कबूल करायलाच हवं. घर सोडून लांब निघालेल्या कुणाचं तरी होतं, आणि ध्रुवपदात तो माणूस मागे वळून बघतो. मी दुसऱ्या कडव्यात झांजा सोडूनच दिल्या, नुसते पावलांसारखे मोठ्या ड्रमचे ठोके. आणि ध्रुवपदाच्या तोंडाशी आले की किंचित पुढे जायचे, कसं सांगू, जसं आपण ओळखीच्या गल्लीत वळलो की पाय आपसूक उचलले जातात तसं. ते मी ठरवून बसवलं होतं. पुन्हा पुन्हा वाजवून बसवलं होतं.

रेकॉर्डिंग कधी, असं विचारलं की दादा म्हणायचा, "करतोय, करतोय."

एका संध्याकाळी मी गोदामातून वर आले आणि त्याच्या खोलीतून गाणं ऐकू आलं. पुरं झालेलं, ड्रमसकट. माझे ड्रम होते. उशीने दबलेला तो मोठा ठोका, तारांची ती चरचर, सगळं माझं. पण जे वाजत होतं ते मी कधीच वाजवलेलं नव्हतं. माझ्या आवाजातली अक्षरं कापून कुणीतरी भलतंच वाक्य जोडावं, आणि ते माझ्याच तोंडून ऐकू यावं, तसं वाटलं. आणि वाक्य तरी काय? एका सरळ रेषेत एक-दोन-तीन-चार, दुसऱ्या कडव्यात तेच, ध्रुवपदाशी तेच.

मी दार ढकललं. पडद्यावर चौकोन भरलेले होते.

"कसं वाटतंय?" दादाने हसत विचारलं. खरंच आनंदाने विचारलं, हे लक्षात घ्या.

"हे कोणी वाजवलं?"

"तूच की! त्या रविवारचे सगळे ठोके तुझेच आहेत. मी फक्त मांडले."

"मी हे वाजवलेलं नाही."

"अगं, एकूण एक ठोका—"

"ठोके माझे आहेत. वाजवलेलं माझं नाही. मी बसवलंय ते वेगळंच आहे. तू ऐकलंस तरी का?"

"ऐकलं. खालून रोज येतंच ऐकू." त्याने खुर्ची वळवली. "छान आहे. पण तू ध्रुवपदाला घाई करतेस."

"घाई नाही ती! मुद्दाम आहे!"

"मुद्दाम केली तरी घाईच ना? कॉम्प्युटरला चालत नाही."

बाबा मध्ये पडले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, हातातला स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला आणि म्हणाले, "आवाज तर तुझाच आहे ना बाळा?" आई म्हणाली, "एका पोटची पोरं आणि ढोल बडवण्यावरून भांडताय." मी तिला सांगितलं की तो ढोल नाही. तेवढंच मला सांगता आलं.

मग ते गाणं शाळेत गेलं. दादाचं शाळेतलं शेवटचं वर्ष, आणि गाण्याच्या बाईंनी ते स्नेहसंमेलनाच्या सुरुवातीला ठेवलं. ड्रम कोणी वाजवलेत, असं त्यांनी विचारल्यावर दादाने छाती फुगवून सांगितलं, "माझ्या धाकट्या बहिणीने." मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी येऊन पाठीवर मारून जायचं. "काय वाजवलंयस गं! एकदम मशीनसारखं!" मी ज्याला त्याला सांगायचे की ते मी नाही, तर सगळे हसायचे. एक मैत्रीण म्हणाली, "फार भाव खाऊ नकोस."

पण मी मनात म्हटलं, असू दे. स्टेजवर तर कॉम्प्युटर बसणार नाही ना? तिथे मी बसणार. एकदा माझं खरं वाजवलेलं लोकांनी ऐकलं की कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. मी शाळेच्या ड्रमसेटवर बसले. दादा पुढे गिटार घेऊन उभा. त्याने सुरुवात केली आणि मी माझं वाजवलं, जसंच्या तसं. दुसऱ्या कडव्यात पावलं टाकली. ध्रुवपदाशी पाय उचलले. आणि दादा माझ्याबरोबर आला! त्याचा आवाज त्या वळणावर असा वर चढला, की तसा त्याच्या रेकॉर्डिंगमध्येही चढलेला नाही. मी पाहिलं, त्याची पाठसुद्धा सरळ झाली होती.

बाईंनी टाळी वाजवून थांबवलं.

"अगं, घाबरलीस का? रेकॉर्डिंगमध्ये किती सफाईदार होतं. इथे मधेच ठोके गायब, मधेच पळतेस."

"बाई, तेच बरोबर आहे. रेकॉर्डिंगमधलं मी वाजवलेलं नाहीये. ते दादाने कॉम्प्युटरवर मांडलंय."

बाईंनी दादाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला त्याच्याकडून फार काही नको होतं. 'आत्ताचं जास्त चांगलं होतं,' एवढंच. ते त्यालाही कळलं होतं, माझी खात्री आहे, कारण त्याच्याच गळ्यातून ते निघालं होतं.

दादा गिटारची खुंटी पिळत होता. "ठोके तिचेच आहेत, बाई," तो म्हणाला.

"मग झालं तर!" बाई म्हणाल्या. "आपण रेकॉर्डिंगमधले ड्रमच लावू. धोका नको, प्रमुख पाहुणे आहेत. तू बस तिथेच, हात हलव. रिकामा ड्रमसेट वाईट दिसतो. आणि ड्रमवर टॉवेल घाल, म्हणजे आवाज यायचा नाही."

घरी येताना मी दादाच्या पुढे झपाझप चालले होते. तोच बोलला. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. गाणं महत्त्वाचं ना?"

"मी नाही बसणार."

"माझी शेवटची संधी आहे शाळेतली, धडधड. तू नाही बसलीस तर सगळे विचारतील. प्लीज."

आता तुम्हाला वाटेल, मी नाही म्हणाले असणार. मलाही वाटलं होतं.

स्नेहसंमेलनाला मी टॉवेल घातलेल्या ड्रमसमोर बसले. आईने इस्त्री करून दिलेला शर्ट घातला होता. निवेदिकेने माझं नाव घेतलं तेव्हा आमच्या वर्गाने असा काही आरडाओरडा केला की प्रमुख पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं. गाणं सुरू झालं. स्पीकरमधून माझा पाय वाजत होता आणि इथे माझा पाय त्याच्या मागे मागे चालला होता. दुसऱ्या कडव्यात मी हात खाली घेतले. झांजा वाजतच राहिल्या. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने ते पाहिलं आणि आईचा हात ओढला.

ध्रुवपद आलं. मी ठरवलं नव्हतं, पण पाय उचलला गेला. मोठ्या ड्रमवर टॉवेल नव्हता, तो पुढून दिसतो म्हणून कोणी घातलाच नव्हता. माझा ठोका पडला, आणि त्याच्या केसभर मागे स्पीकरमधला माझा ठोका पडला. धड्-धड. दोन्ही मीच, आणि एकमेकींच्या पायात पाय. दादा अडखळला. त्याने मागे वळून पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. घाम आला होता त्याला. मी पुढेच राहिले असते तर गाणं भर हॉलमध्ये मोडलं असतं, कारण स्पीकरमधली मी काही थांबणारी नव्हते, आणि माझ्याजवळ येणारी तर मुळीच नव्हते.

मीच गेले तिच्याकडे. शेवटपर्यंत तिच्या ठोक्यावर ठोका ठेवला. सोपं असतं ते.

टाळ्या खूप पडल्या. बाई विंगेत भेटल्या, माझा गाल धरला आणि म्हणाल्या, "एकाच ठिकाणी पाय चुकला गं. बाकी अगदी रेकॉर्डिंगसारखं!"

दादाच्या वर्गातला एक लंबू मुलगा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "थँक्स हां. तुझे ड्रम भारी आहेत. मी पण माझ्या गाण्यात वापरलेत."

"माझे कुठले?"

"तुझ्या दादाने त्या ठोक्यांची फाईल दिली ना सगळ्यांना."

मी दादाला शोधलं. तो मागच्या अंगणात गिटार पेटीत ठेवत होता, गाल लाल, आनंदाने नुसता उतू जात होता. मी म्हटलं, "ते ठोके पुसून टाक. सगळ्यांकडचे."

"का गं?"

"माझे आहेत म्हणून. परत दे."

"परत काय देऊ?" त्याला खरोखर कळत नव्हतं. "तुझ्याकडचं काही कमी झालंय का? तू वाजव की घरी, तुला कोणी अडवलंय?"

त्याने पेटीच्या खिट्या लावल्या, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "चल, आई-बाबा गेटपाशी थांबलेत." मी गेले.