चार परस पाणी

राजकुमारनं थ्रॉटल पुढं रेटला तशी बोट मागच्या बुडावर बसली आणि नाक वर करून दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी उधळली. डोणगावकडच्या त्या धरणाचं पाणी दोन्ही अंगांनी फाटत गेलं. त्याच्या बाजूला मयुरी दोन्ही हातांनी कठडा धरून छोट्या पडद्याकडं पाहत होती.

"किती?" तो ओरडला.

"सहा मीटर... अठ्ठावन्न... शून्य पॉइंट चार... आता नुसत्या रेघा!"

"अठ्ठावन्न? अवो मॅडम, एवढं पाणी असतं तर आमच्या नळाले आठ दिवसांनी काऊन आलं असतं?"

बोट पूर-आपत्ती विभागाची होती. पळता पळता खाली किती पाणी आहे ते तिच्या मशीननं सांगायचं. विभागाच्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, पळत्या बोटीत खोली बरोबर दिसली तर बोट इथं राहील, नाहीतर उद्याच दुसऱ्या जिल्ह्यात. बोट गेली की राजकुमार परत अमडापूरच्या बाजारात कांद्याच्या ऑटोवर. दोन महिन्यांत त्यानं स्वतःचं तोंड जेवढं पुसलं नसेल तेवढी ही बोट पुसली होती.

त्यानं बोट थांबवली. बुलढाण्याहून मशीनचा खोका मांडीवर घेऊन एसटीनं आलेली मयुरी मागच्या फळीवर पालथी झाली आणि पाण्यात हात घालून मशीनचा सेन्सर चाचपू लागली. हात वर आला तो झेंडूच्या हारासकट.

"हे कोणी केलं?"

"मीच," किसनराव छाती काढून म्हणाले. तीस वर्षं याच पाण्यावर डोंगा चालवलेला माणूस. "पूजा नको का? नवीन इंजिन हाय."

"काका, इंजिनाचा हार सेन्सरच्या गळ्यात गेला! आणि त्यात पंख्याचा फेस येऊन राह्यला खाली. फेसातून त्याले तळ दिसत नाही. थांबली की बरोबर सांगते, पळाली की बडबडते."

"आमच्या सरपंचासारखंच," किसनराव म्हणाले. सरपंच गुलाबराव बोटीत समोरच, साहेबांच्या शेजारी बसलेले होते. ते हसले नाहीत.

मयुरीनं सेन्सर पंख्यापासून हातभर लांब सरकवला, जरा खाली घेतला, पान्यानं आवळला. राजकुमारनं मनातल्या मनात झेंडूची माफी मागितली आणि बोट सोडली.

"पाच पॉइंट सात! पाच पॉइंट आठ!" मयुरी उड्या मारायची तेवढी बाकी होती. "पिंपाजवळून घ्या, पिंपाजवळून!"

नांगरलेल्या लाल पिंपाला खेटून बोट भर वेगात गेली. पाच पॉइंट नऊ. राजकुमारनं वळवून आणली. पाच पॉइंट नऊ. तिसऱ्यांदाही तेच. आकडा मुळी हलायलाच तयार नव्हता. धरणाच्या भिंतीवर बसलेल्या लोकांना काही कळलं नव्हतं, तरी त्यांनी शिट्ट्या मारल्या.

"पण हे बरोबर कशावरून?" साहेब म्हणाले.

"माह्या दोरीवरून," किसनराव म्हणाले.

त्यांनी पिशवीतून गाठी मारलेली दोरी काढली. विहीर मोजतात तशी, परसावर. एक गाठ म्हणजे एक परस, एक उभा माणूस. पिंपाशी बोट उभी केली, दोरीच्या टोकाचं लोखंडी वजन तळाला टेकलं आणि चौथी गाठ नेमकी पाण्याच्या रेषेवर आली.

"चार परस! रेघ इकडची तिकडं नाही."

साहेबांनी मोबाइल काढला. "माणूस सहा फूट धरू. चोवीस फूट. म्हणजे सात पॉइंट तीन मीटर. तुमचं मशीन दीड मीटर खोटं बोलतंय, मॅडम."

"सर, दोरीच खोटी असंल!"

"तीस वर्षांची दोरी?" साहेबांनी पेन उघडलं.

करायचं काय म्हणून राजकुमार ओली दोरी वर ओढू लागला. वजन फळीवर टेकलं, दोरी ताणली गेली, आणि पहिली गाठ शेजारी उभ्या किसनरावांच्या टाळूशी येऊन थांबली. टोपी मघाच वाऱ्यानं नेली होती. गाठ आणि टाळू अगदी एका पातळीत.

मयुरीनंही पाहिलं. तिनं तोंड उघडलं, तसं राजकुमारनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. किसनरावांना काहीही म्हणावं, उंचीचं सोडून. लग्नाच्या फोटोत त्यांना विटेवर उभं करू पाहणारा फोटोग्राफर न जेवता गावाबाहेर गेला होता.

राजकुमार फक्त दोरी ताणून धरून तसाच उभा राहिला. हात भरून आला तरी.

किसनरावांनी गाठीकडं पाहिलं. मग साहेबांच्या पेनाकडं. मग राजकुमारकडं.

"साहेब," ते खाकरले, "तुमचं मशीन बी बरोबर आन् माही दोरी बी बरोबर. दोरी माह्या बापाची हाय. त्याच्याच मापानं गाठी बांधेल हायेत. बाप लय ठेंगणा होता. सहा फूट नका धरू."

"मग किती धरू?"

"चार फूट दहा इंच."

"एवढं नक्की?"

"घरातलं माप हाय, साहेब."

साहेबांनी बोटं चालवली. "एकोणीस फूट चार इंच... पाच पॉइंट एकोणनव्वद! अरे वा! तंतोतंत की!"

मयुरीनं टाळी वाजवली. साहेबांनी कागदावर 'अचूक' लिहून खाली सही ठोकली.

किसनरावांचे वडील रंगराव पैलवान एसटीत चढताना वाकायचे. ते गेले तेव्हा तिरडीला बांबू पुरला नव्हता, दुसरा जोडावा लागला होता. खांदा देणाऱ्यांत गुलाबराव होते. त्यांनी आता गळ्यातला दुपट्टा तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

राजकुमारनं काही गरज नसताना इंजिन चालू केलं आणि चांगलंच रेटलं. त्या आवाजात गुलाबरावांना पोटभर खोकता आलं.